पेशी काचेला चिकटू नयेत म्हणून कोणते पॉलिमर लावावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पीडीएमएसचे (सिलिकॉन रबराचे) सूक्ष्म चॅनेल प्लाझ्मा (विद्युतभारित वायू) देऊन काचेच्या कव्हरस्लिपवर (पातळ काचपट्टीवर) जोडले आहेत. त्यात ३टी३ फायब्रोब्लास्ट (उंदराच्या संयोजी ऊतीच्या) पेशी न चिकटता तीन दिवस ठेवायच्या आहेत. आधी १ टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाने) ब्लॉक केले, म्हणजे पृष्ठभाग आधीच झाकला. पहिला दिवस बरा गेला, दुसऱ्या दिवशी पेशी तळावर पसरल्या. मग जोडणीनंतर दोन दिवसांनी प्लुरॉनिक एफ-१२७ हे पॉलिमर भरून पाहिले. आता भिंती स्वच्छ, पण तळ पेशींनी भरलेला. मार्गदर्शक म्हणतात, झ्विटरआयनिक (धन आणि ऋण दोन्ही भार असलेले) पॉलिमर मागवा. मागवावे का? आणि कोटिंग नीट बसले हे कसे ओळखावे?

अजून मागवू नका. भिंती स्वच्छ आणि तळ भरलेला, या तुमच्या एका वाक्यात निम्मे निदान झाले आहे. पॉलिमरच कुचकामी असते तर भिंतीही भरल्या असत्या. ते पीडीएमएसवर बसले, काचेवर बसलेच नाही. फसलेली कोटिंग्ज मी पाहिली त्यातली बहुतेक अशीच फसली होती. पॉलिमरची साखळी प्रथिनांना कशी दूर ठेवते यावर लोक तासन्‌तास बोलतात. ती साखळी खाली कशाच्या जोरावर धरून आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. म्हणून पॉलिमरचे नाव मी शेवटी ठरवतो. आधी विचारतो की कोटिंग करायच्या क्षणी पृष्ठभाग नेमका कसा आहे, आणि ते किती दिवस टिकायला हवे.

आता थोडे मागे जाऊ, कारण बीएसए का फसले हेही कळायला हवे. पेशी काचेला चिकटत नाहीत, काचेवर आधीच बसलेल्या प्रथिनांना चिकटतात. सीरम (रक्तातला प्रथिनयुक्त द्रव) असलेले पेशींचे पोषक माध्यम चॅनेलमध्ये गेले की काही सेकंदांत प्रथिनांचा थर बसायला लागतो. पेशी खाली उतरायला काही मिनिटे घेते, म्हणजे ती उतरते तेव्हा उघडी काच उरलेलीच नसते. त्या थरात फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही प्रथिने असतात. त्यांच्यातला आरजीडी हा तीन अमिनो आम्लांचा तुकडा पेशीच्या इंटिग्रिनला (आवरणावरच्या पकडीच्या प्रथिनाला) पकड देतो. पिअर्शबाखर आणि रुओस्लाहती यांनी १९८४ मध्ये तो ओळखून दाखवला. तेव्हा तुमची लढाई पेशींशी नाही, प्रथिनांशी आहे. पेशींचा प्रश्न त्यातून आपोआप सुटतो.

बीएसएने ब्लॉक करणे म्हणजे एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणे. समोरचा सज्जन असेल तोवर जागा राहते. पृष्ठभागावर बसलेले प्रथिन कायमचे बसलेले नसते; आधी येतात ती मुबलक आणि चपळ प्रथिने, आणि नंतर जास्त पक्की पकड असलेली त्यांना हटवून जागा घेतात. रक्ताच्या प्लाझ्मात हे लिओ व्रोमन यांनी १९६० च्या दशकात दाखवले. काचेसारख्या पृष्ठभागावर आधी बसलेले फायब्रिनोजेन हे प्रथिन पुढे उच्च रेणुभाराच्या किनिनोजेन या दुसऱ्या प्रथिनाला जागा देते. (हे व्रोमन डच भाषेतले नावाजलेले कवीही होते. रक्त गोठण्यावर काम करणारे बहुतेक लोक हे ऐकून चकित होतात.) तुमच्या चॅनेलमध्ये याच्या जोडीला पेशी स्वतः फायब्रोनेक्टिन तयार करून बाहेर सोडतात. दोन-तीन तासांच्या प्रयोगाला बीएसए पुरते. बीएसए ८५ अंशांवर दहा-बारा मिनिटे तापवून वापरले तर थोडे अधिक टिकते, कारण उलगडलेले प्रथिन घट्ट बसते. पण तीन दिवसांच्या कामाचा भरवसा त्याच्यावर टाकू नका.

प्रथिने बसूच न देणाऱ्या पॉलिमरांत सगळ्यात जुना आणि पारखलेला म्हणजे पेग, पॉलिइथिलीन ग्लायकॉल. तो दोन प्रकारे काम करतो. त्याच्या साखळीतला ऑक्सिजन पाणी धरून ठेवतो, त्यामुळे प्रथिनाला पृष्ठभागापर्यंत यायचे तर आधी ते पाणी हुसकावे लागते, आणि ते महागात पडते. शिवाय साखळ्या सतत हलत असतात. प्रथिन त्यांच्यात घुसले की त्या दबतात, त्यांचे हलण्याचे स्वातंत्र्य जाते, आणि त्या त्याला परत ढकलतात. हा दुसरा भाग आंद्राद, द जेन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये गणिताने मांडला. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये प्राइम आणि व्हाइटसाइड्स यांनी दाखवले की इथिलीन ग्लायकॉलची अगदी मोजकी एकके असलेला सोन्यावरचा एकपदरी थरही प्रथिनांना दूर ठेवतो. लांब हलत्या साखळ्या तिथे नव्हत्याच. म्हणजे पाण्याचा वाटा मोठा आहे. पुढे व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अनेक रासायनिक गट तपासून काढलेले निकष आजही उपयोगी पडतात: पृष्ठभाग जलस्नेही असावा, हायड्रोजन बंध घेणारे गट असावेत, देणारे नसावेत, आणि एकूण विद्युतभार शून्य असावा.

पण जलस्नेही आहे म्हणजे झाले, असे समजू नका. प्लाझ्मातून नुकतीच काढलेली काच इतकी जलस्नेही असते की पाण्याचा थेंब तिच्यावर पूर्ण पसरतो, आणि तीच काच प्रथिनेही भरपूर ओढते. शोधनिबंधांत थेंब पृष्ठभागाशी करतो त्या स्पर्शकोनाचे आलेख पाहून समीक्षक खूश होतात खरे, पण तेवढ्यावरून कोटिंग चालेल की नाही हे सांगता येत नाही.

आता तुमच्या चॅनेलकडे येऊ. प्लुरॉनिक एफ-१२७ च्या रेणूत तीन तुकडे असतात. दोन्ही टोकांना पेगसारख्याच पॉलिइथिलीन ऑक्साइडच्या सुमारे शंभर एककांच्या साखळ्या, आणि मध्ये पॉलिप्रॉपिलीन ऑक्साइडचा सुमारे ६५ एककांचा जलविरोधी तुकडा. हा मधला तुकडा जलविरोधी पृष्ठभागाला जाऊन टेकतो आणि टोके पाण्यात मोकळी राहतात. पीडीएमएस किंवा साध्या पॉलिस्टायरीनवर हे झकास जमते. काचेवर मधल्या तुकड्याला धरायला काहीच नसते. धुतले की गेले.

यात आणखी एक गोम आहे. प्लाझ्मा दिला की पीडीएमएसही जलस्नेही होतो, आणि मग काही तासांपासून काही दिवसांत पुन्हा जलविरोधी होतो, कारण आतल्या न जोडल्या गेलेल्या लहान साखळ्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे जोडणीनंतर लगेच प्लुरॉनिक भरले असते तर भिंतींवरही ते बसले नसते. तुम्ही दोन दिवस थांबलात म्हणून भिंती तरी वाचल्या. एकाच चॅनेलमध्ये दोन वेगळे पदार्थ, आणि त्यातला एक रोज बदलणारा! कोणते पॉलिमर चांगले, हा प्रश्न अशा ठिकाणी अर्धाच असतो. जोडणीनंतर किती वेळाने, हे त्याच्या सोबत यायला हवे.

तुमच्यासाठी माझे उत्तर पीएलएल-जी-पेग. हे झुरिचच्या ईटीएचमध्ये टेक्स्टर, हबेल आणि सहकाऱ्यांनी विकसित केले. कणा पॉलि-एल-लायसीनचा, आणि त्यावर पेगच्या साखळ्या जोडलेल्या. तटस्थ पीएचला लायसीन धनभारित असते आणि काच ऋणभारित, त्यामुळे कणा काचेवर आडवा बसतो आणि पेग वर उभा राहतो. प्लाझ्मानंतर लगेच पीडीएमएसही ऋणभारित असतो. म्हणजे ज्या क्षणी प्लुरॉनिक दोन्हीकडे फसते, त्याच क्षणी हे दोन्हीकडे बसते.

मागवताना कुपीवरचे आकडे नीट पाहा. २०, ३.५ आणि २ असे तीन आकडे असलेले घ्या: कणा २० किलोडाल्टन रेणुभाराचा, दर साडेतीन लायसीनमागे एक पेग, आणि पेगची साखळी २ किलोडाल्टनची. मधला आकडा निर्णायक आहे. तो १० च्या पुढे गेला तर पेग विरळ होतो, उघडे लायसीन शिल्लक राहतात आणि ऋणभारित प्रथिनांना ते आमंत्रणच ठरते. दोनच्या आसपास आला तर पेग दाट दिसतो, पण काचेला धरायला लायसीनच पुरत नाहीत आणि थर कमी बसतो. योग्य प्रमाण असले की सीरममधून बसणारे प्रथिन चौरस सेंटीमीटरला ५ नॅनोग्रॅमच्या खाली राहते. उघड्या जलविरोधी पृष्ठभागावर हेच काही शे नॅनोग्रॅमपर्यंत जाते.

कृती साधी आहे. कव्हरस्लिप स्वच्छ हवी. बोटांचे तेल राहिले असेल तर पुढचे सगळे वाया. प्लाझ्मा, जोडणी, जोड पक्की होण्यापुरते ओव्हनमध्ये, आणि बाहेर काढून गार झाले की लगेच द्रावण भरा. १० मिलिमोलर हेपेस (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण), पीएच ७.४, त्यात मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम पॉलिमर, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. खोलीच्या तापमानाला एक तास. मग पीबीएसने (क्षारयुक्त फॉस्फेट द्रावणाने) धुवा आणि माध्यम भरेपर्यंत चॅनेल भरलेलाच ठेवा. त्यामुळे पीडीएमएस लवकर जलविरोधी होत नाही आणि बुडबुडेही शिरत नाहीत. रासायनिक बंधाशिवाय बसलेल्या कोणत्याही थराला बुडबुड्याची सरकती कड घातक असते, त्यामुळे नळी बदलताना घाई नको.

कोटिंग करताना पीबीएस न वापरता कमी क्षाराचे हेपेस का, असे विचाराल. ही पकड विद्युतभाराची आहे, आणि क्षार वाढले की भार झाकले जातात. एकदा बसल्यावर माध्यमातल्या नेहमीच्या क्षारांना ती दाद देत नाही. फार खारट द्रावणाने किंवा तीव्र आम्लाने मात्र सुटते. तीन दिवस काय, आठवडाभरही माझी तक्रार नसते. ट्रिप्सिन (पेशी सोडवायला वापरतात ते प्रथिने कापणारे विकर) मात्र त्या चॅनेलमध्ये घालू नका. ट्रिप्सिन लायसीनपाशीच कापते, आणि तुमचा कणाच लायसीनचा आहे.

किमतीने घाबरू नका. १० मिलिग्रॅमच्या कुपीतून १०० मिलिलिटर द्रावण होते, आणि चॅनेलला लागतात वीसेक मायक्रोलिटर. कुपी उणे २० अंशांना ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर आत दव धरते आणि पुढच्या वेळी भुकटीचा गोळा हाती येतो.

कोणी तुम्हाला पेग-सिलेन (काचेशी जोडणारा सिलिकॉनचा गट लावलेला पेग) सुचवेल. काचेशी रासायनिक बंध होतो, त्यामुळे टिकाऊ, हे खरे. पण सिलेनला पाण्याची जराशी चाहूल लागली की रेणू काचेऐवजी एकमेकांनाच जोडले जातात. पुण्या-मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतच इतके पाणी असते की उघडलेली बाटली पुढच्या खेपेला वापरण्यासारखी राहीलच असे नाही, आणि काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली पांढरट ठिपके दिसतात. कोरडे टोल्युइन, नायट्रोजन आणि ग्लोव्ह बॉक्स हाताशी असेल तर करा, नसेल तर दिवाळीनंतर बघा. जोडून बसवलेल्या पेगमध्ये दाटीचाही प्रश्न येतो. २ किलोडाल्टनची साखळी पाण्यात साधारण साडेतीन नॅनोमीटर त्रिज्येचा गोळा करून राहते. असे गोळे शेजारी शेजारी बसले की मधल्या फटींतून लायसोझाइमसारखे लहान प्रथिन आरामात खाली जाते. साखळ्या ताठ उभ्या राहण्याइतक्या जवळ हव्यात. त्यासाठी किंग्सहॉट आणि ग्रीसर यांची युक्ती चांगली आहे: ०.६ मोलर पोटॅशियम सल्फेटमध्ये ६० अंशांना जोडणी करायची. त्या स्थितीत पेगला पाणी नकोसे होते, साखळी आकसते आणि त्याच जागेत जास्त साखळ्या मावतात. नंतर साध्या पाण्यात आणले की सगळ्या फुलतात, पण आडवे व्हायला जागाच नसते.

आता झ्विटरआयनिक पॉलिमर. यांच्या प्रत्येक एककात धन आणि ऋण दोन्ही भार असतात, एकूण बेरीज शून्य. भारांमुळे पाणी पेगपेक्षाही घट्ट धरले जाते. मुख्य घराणी तीन: सल्फोबीटेन, कार्बोक्सिबीटेन, आणि फॉस्फोरिलकोलीन असलेले एमपीसी. फॉस्फोरिलकोलीन हा आपल्या तांबड्या पेशींच्या आवरणाच्या बाहेरच्या बाजूला असलेला गट. त्याची नक्कल करण्याचे काम जपानमध्ये नाकाबायाशी आणि इशिहारा यांनी उभे केले. आज ते कॉन्टॅक्ट लेन्समध्ये आणि कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही वापरात आहे. शाओयी जियांग यांच्या गटाने वॉशिंग्टन विद्यापीठात कार्बोक्सिबीटेनचे असे दाट ब्रश (पृष्ठभागावर उभ्या साखळ्यांचे रान) वाढवले की पातळ न केलेल्या मानवी प्लाझ्मातही प्रथिन जवळपास बसले नाही. पेगला हे जड जाते. शिवाय पेग ऑक्सिजन आणि धातूंच्या आयनांपुढे हळूहळू झिजतो. म्हणून अनेक आठवडे ठेवायचे असेल, किंवा थेट रक्त किंवा रक्ताचा प्लाझ्मा सोडायचा असेल, तर मी झ्विटरआयनिककडेच जाईन.

पण इथेही तोच प्रश्न उभा राहतो: धरायचे कशाने? पृष्ठभागावरून ब्रश वाढवायचे तर आधी इनिशिएटर (साखळी सुरू करणारा रेणू) जोडावा लागतो, ऑक्सिजन काढावा लागतो, बहुधा तांबे वापरावे लागते, आणि ते तांबे नंतर पूर्ण धुऊन काढावे लागते, नाहीतर पेशी मरतात आणि तुम्ही म्हणता की कोटिंग विषारी आहे. सोपा मार्ग म्हणजे एमपीसी आणि ब्यूटाइल मेथॅक्रिलेटचा कोपॉलिमर: इथेनॉलमध्ये विरघळतो, पाण्यात नाही, बुडवून वाळवले की झाले. पण त्याची पकड ब्यूटाइलच्या जलविरोधी बाजूने असते. प्लास्टिकवर उत्तम. तुमच्या काचेच्या तळावर पुन्हा प्लुरॉनिकचीच गत होऊ शकते. मार्गदर्शकांना हे सांगा. ते चूक नाहीत, पण ते सुचवतात तो उपाय या तळाचा नाही.

चॅनेलची गरजच नसेल आणि नुसते पेशींचे गोळे हवे असतील, तर यातले काहीच नको. ९६ खणांच्या प्लेटमध्ये दीड टक्का अॅगरोज ओता, थंड होऊ द्या, वर पेशी सोडा.

कोटिंग बसले की नाही, हे ओळखायची पहिली खूण फुकट आहे आणि डोळ्यांनी दिसते. सुट्या कव्हरस्लिपवर पीएलएल-जी-पेग लावून तास झाला की चिमट्याने ती उभी धरा. कोऱ्या प्लाझ्मा दिलेल्या काचेवर पाण्याचा पातळ पडदा तसाच चिकटून राहतो. कोटिंग झालेल्या काचेवर तो पडदा वरच्या कडेपासून एकसंध मागे सरकतो आणि काच कोरडी दिसायला लागते. पडदा मध्येच अडकला, एखादे बेट मागे राहिले, तर तिथे मळ आहे किंवा प्लाझ्मा पोचलेला नाही.

दुसरी खूण फ्लुरोसेंट फायब्रिनोजेनची. कव्हरस्लिपच्या अर्ध्याच भागावर कोटिंग करा. धुवून पूर्ण काचेवर मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम फायब्रिनोजेन अर्धा तास ठेवा, धुवा, आणि सीमारेषा दृष्टिक्षेत्राच्या मधोमध घेऊन चित्र काढा. एकाच चित्रात एक बाजू उजळ आणि एक काळी दिसली पाहिजे. दोन वेगळ्या काचांची दोन वेगळी चित्रे काढून तुलना करू नका. एक्स्पोजर कोण कधी बदलेल सांगता येत नाही. फ्लुरोसेंट बीएसएने ही चाचणी केलेली मी ग्राह्य धरत नाही. फायब्रिनोजेन लांब, चिवट आणि जिथे तिथे चिकटणारे प्रथिन आहे. ते बसले नाही तर बाकीच्यांची फारशी चिंता नको. मग हीच चाचणी खऱ्या चॅनेलमध्ये करा, कारण कोपरे, जोडाची कड आणि प्रवेशाची छिद्रे सुट्या काचेवर नसतात.

तिसरी चाचणी पेशींची, आणि तिथे तुमच्या ३टी३ योग्यच आहेत. एचईके (मानवी मूत्रपिंडाच्या) पेशींवर कोटिंग तपासून खूश झालेले लोक मी पाहिले आहेत. त्या साध्या प्लेटवरही टिचकीने सुटतात. सोबत कोटिंग नसलेला एक चॅनेल ठेवा, आणि त्यात पेशी नीट पसरलेल्या दिसल्या तरच कोटिंग केलेल्या चॅनेलचा निकाल मोजा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती समोर येणारच आहे. फायब्रोब्लास्टला टेकायला जागा मिळाली नाही तर ती वाढत नाही. फोकमन आणि मोस्कोना यांनी १९७८ मध्ये प्लेटवर पॉलि-हेमा या न चिकटू देणाऱ्या पॉलिमरचा थर जाड-पातळ करत पेशी किती पसरतील हे ठरवले, आणि पेशी जितकी गोल तितके तिचे डीएनए बनवणे कमी, हे दाखवले. पुष्कळ चिकट जातीच्या पेशी आधार सुटल्यावर मरूनही जातात. शिवाय काच नाही म्हटल्यावर पेशी एकमेकींना धरतात, त्यामुळे सुट्या पेशी हव्या असतील तर घनता कमी ठेवा. संख्या वाढली नाही किंवा काही पेशी मेल्या, म्हणून कोटिंगवर विषारीपणाचा ठपका ठेवायची घाई करू नका. तिसऱ्या दिवशी चॅनेलमधल्या पेशी बाहेर काढा, ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी रंगवणाऱ्या रंगाने) जिवंत किती ते मोजा, आणि उरलेल्या साध्या कल्चर डिशमध्ये टाका. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या नेहमीसारख्या पसरल्या तर पॉलिमर निर्दोष आहे, आणि तुमच्या प्रयोगाचा तीन दिवसांचा कालावधी या पेशींना झेपतो का, एवढेच तपासायचे राहते.